फोर्ड टी की मस्टँग? एकाच घरातल्या दोन गाड्या, मध्ये ५६ वर्षं

वुडवर्डकर

दर वर्षी ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी आमच्या डेट्रॉइटकडे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. ड्रीम क्रूझ म्हणतात. घरून खुर्ची न्यायची, रस्त्याच्या कडेला टाकायची आणि संध्याकाळपर्यंत धूर खायचा, एवढाच कार्यक्रम. या वेळी पुण्याहून मेहुणा आला होता. समोरून एक काळी फोर्ड मॉडेल टी आली, रमतगमत, बैलगाडी जत्रेला निघाल्यासारखी. तिच्यामागे अडकलेली ६५ सालची लाल मस्टँग. मस्टँगवाला घामाघूम, एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा टेंपरेचरच्या काट्यावर. टीवाला मजेत हात हलवत होता.

मेहुणा म्हणाला, "दाजी, यातली एक फुकट देतो म्हटलं तर कुठली घ्याल?"

तीन महिने झाले, उत्तर सुचत नाहीये. म्हणून हा धागा.

आधी कबुली. माझ्याकडे ६५ची मस्टँग आहे, सहा सिलिंडरची, म्हणजे पोस्टरवरची नव्हे तर भाजी आणायची. टी माझ्याकडे नाही, पण चालवली आहे. मिशिगनमध्येच हिकरी कॉर्नर्सला गिलमोर म्हणून गाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे पैसे भरले की टी चालवायला शिकवतात. तीस वर्षांचं लायसन खिशात असलेल्या माणसाची तिथे जी फजिती होते, ती प्रत्येकाने एकदा करून घ्यावी.

टीला तीन पेडल आहेत, पण ती आपली तीन पेडल नाहीत. डावं पूर्ण दाबलं की पहिला गियर, सोडलं की दुसरा, आणि मधोमध कुठेतरी धरून ठेवलं की न्यूट्रल. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं, पण तो ब्रेक चाकांना नाही, गियरबॉक्सच्या ड्रमला लागतो. ॲक्सिलरेटर पायाशी नाहीच. स्टिअरिंगखाली उजवीकडे एक दांडी आहे, ती खाली ओढली की रेस. डावीकडची दांडी स्पार्कचं टायमिंग पुढेमागे करायची. म्हणजे आपण ज्याला ड्रायव्हिंग म्हणतो त्यातलं फक्त स्टिअरिंग कामाला येतं. समोर कोणी आलं की माझा पाय सवयीने मध्ये जायचा, म्हणजे रिव्हर्सवर. शेजारी बसलेले शिकवणारे आजोबा शांतपणे म्हणाले, "घाबरलास तर कुठलीही दोन दाब, थांबेल." टीवाल्यांमधली ही जुनी म्हण आहे, आणि ती खरी आहे.

चालू करायची रीत त्याहून न्यारी. स्पार्कची दांडी वर (म्हणजे टायमिंग मागे), रेडिएटरशेजारची चोकची तार ओढायची आणि हँडल मारायचं. डाव्या हाताने मारायचं, आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. टायमिंग पुढे राहिलं असेल तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं. आमच्या गावी डिझेल इंजिनाला हँडल मारणारे नानाही अंगठा असाच ठेवायचे. त्यांना कोणी शिकवलं होतं देव जाणे.

आता आकडे. टी आली १ ऑक्टोबर १९०८ रोजी, संपली मे १९२७ मध्ये. दीड कोटीपेक्षा जास्त बनल्या. मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये. पहिल्याच दिवशी २२,००० ऑर्डरी, आणि मार्च १९६६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

मला मात्र वेड लावलं ते एका वेगळ्याच आकड्याने. टीचं इंजिन १७७ घनइंचाचं, म्हणजे २.९ लिटर. ताकद २० अश्वशक्ती. सुरुवातीच्या मस्टँगमधलं सगळ्यात साधं इंजिन १७० घनइंचाचं, म्हणजे टीपेक्षा जरासं लहानच. ताकद १०१. भांडं तेवढंच, दूध पाचपट! व्हीलबेसचंही तसंच. टीचा १०० इंच, मस्टँगचा १०८. मस्टँग शेजारी उभी केली की टी टांग्यासारखी उंच आणि आखूड वाटते, पण दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात वीतभराचाच फरक आहे.

माझं मत सांगतो, मग तुम्ही झोडा. टी ही आतून नवी गाडी होती. अख्खा इंजिन ब्लॉक एकसंध ओतलेला, वरचं हेड सुटं, व्हॅनेडियम पोलाद, फ्लायव्हीलमध्येच बसवलेला मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज करणारं यंत्र. मस्टँगमध्ये आतून नवं असं काहीच नाही. खाली फाल्कनचाच सांगाडा, म्हणजे फोर्डची १९६० सालची साधीसुधी काटकसरी गाडी, तिला लांब बॉनेट आणि आखूड शेपटी दिली. जुन्या नऊवारीचा ड्रेस शिवला आणि लग्नात सगळ्यांनी विचारलं, कुठून घेतलास?

तरी मी गॅरेजमध्ये मस्टँग ठेवतो. हे कसं, ते मलाच कळत नाही.

टॉर्कमामा

मस्त धागा, वाचनखूण साठवली. पण ते दूध पाचपट जरा पाणी घालून घ्या. एक तर त्या काळची अमेरिकन अश्वशक्ती ही पट्टा, सायलेन्सर वगैरे काढून टेबलावर मोजलेली, चाकाशी बरीच कमी. दुसरं, टीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते) चारच्या आसपास, मस्टँगचं साडेआठच्या वर. १९०८चं पेट्रोल त्या कॉम्प्रेशनला ठणठण वाजलं असतं. हेन्री फोर्डला जमलं नाही असं नव्हे, टाकीत काय पडणार हे त्याला ठाऊक होतं.

आणि टीला वेग हवाच कुठे होता? ताशी ६५-७० किलोमीटर म्हणजे त्या रस्त्यांवर जीव मुठीत. ती बनली चिखलासाठी. जमिनीपासून दहाएक इंच उंच, पुढे-मागे एकेक आडवा पाटा, इंजिन तीन ठिकाणी टेकवलेलं, आणि चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, मुद्दाम लवचीक. एक चाक खड्ड्यात नि एक बांधावर असलं तरी चारही चाकं जमीन धरतात. तुमची मस्टँग नेऊन दाखवा नांगरलेल्या शेतात.

वुडवर्डकर

मामा, मान्य. नांगरलेलं शेत सोडा, आमच्याकडच्या मार्चमधल्या खड्ड्यांतही नेत नाही.

अवांतर : ज्या वुडवर्डवर ही जत्रा भरते, त्याच रस्त्यावर हायलंड पार्कचा कारखाना आहे, जिथे टी बनायची. १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल पहिल्यांदा काँक्रीटचा केला गेला. तोवर चिखलच.

ठाणेकर_मंजिरी

छान लिहिलंय. गियर पायात आणि रेस हातात हे वाचून हसू आलं, कारण मी बाबांच्या फियाटवर शिकले, जिचा गियर स्टिअरिंगला होता. नंतर मारुतीत बसले तेव्हा पहिले चार दिवस हात हवेत चाचपडत होता. सवयीचं काही खरं नाही.

पण एक मुद्दा कोणीच काढला नाही. हँडल मारून चालू होणारी गाडी घरातल्या किती बायकांना चालवता आली असेल? टीला बटनाचा स्टार्टर १९१९ला मिळाला, तोही आधी जादा पैसे देऊन. कॅडिलॅकला तो १९१२पासून होता. सगळ्यांची गाडी म्हणताना त्या 'सगळ्यां'त अर्धी माणसं धरलीच नव्हती. मस्टँगच्या जाहिरातींत बायका चालवताना दिसतात, आणि ऑफिसात काम करणाऱ्या मुली ती स्वतःच्या पगारावर घेत होत्या. २,३६८ डॉलर ही सुरुवातीची किंमत होती ना? आतून फाल्कन असेना का, हे नवंच होतं की. माझं मत मस्टँगला.

वुडवर्डकर

मंजिरीताई, हो, २,३६८च. आणि मुद्दा बिनतोड आहे. त्यात भर घालतो. अमेरिकेत बनलेल्या टी टूरिंगला (म्हणजे पाच जणांच्या उघड्या टीला) १९१२ ते १९२५ ड्रायव्हरच्या बाजूला दार नव्हतंच. पत्र्यावर दाराचा नुसता आकार ठोकलेला, उघडत नाही. ड्रायव्हरने पलीकडून चढायचं आणि सरकत यायचं. मी हिकरी कॉर्नर्सला त्या खोट्या दाराच्या कडेवर कडी शोधत होतो, मागचे लोक हसत होते. साडी नेसून त्या कडेवरून जायचं म्हणजे विचारायला नको.

पाच_डॉलर_पगार

दोन्ही गाड्यांचं कौतुक वाचलं. ज्यांनी त्या जोडल्या त्यांचं काय?

१९१३च्या ऑक्टोबरात हायलंड पार्कला चॅसी सरकत्या पट्ट्यावर जोडायला सुरुवात झाली. आधी एका चॅसीला साडेबारा तास लागायचे, पुढच्या वर्षी ९३ मिनिटं. ऐकायला झकास. पण माणसं टिकेनात. १९१३मध्ये कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात जवळजवळ चार माणसं घ्यावी लागायची. दिवसभर एकच नट पिळून बघा म्हणजे कळेल. म्हणून ५ जानेवारी १९१४ला रोजचे पाच डॉलर जाहीर केले. उदारपणा वगैरे काही नाही.

आणि ते पाच डॉलरही सरसकट नव्हते. कंपनीचे निरीक्षक घरी यायचे. घर स्वच्छ आहे का, दारू पिता का, घरात भाडेकरू किती ठेवलेत. नापास झालात तर जादाचा भाग मिळायचा नाही.

टॉर्कमामा

सहमत, पण दुसरी बाजूही मांडा. १९१४-१५च्या हंगामात टूरिंग टी ४९० डॉलरला होती. पाच डॉलरने ९८ दिवसांची मजुरी. गाडी बनवणाऱ्याला तीच गाडी परवडू शकते हा हिशेब त्याआधी कुठल्या कारखान्यात बसला होता?

पाच_डॉलर_पगार

९८ दिवस न खाता-पिता, बिनभाड्याच्या घरात राहिलं तर. बाकी सहमत.

फणसाचे गरे

माझ्या मते ही तुलनाच चुकीची. आंबा आणि फणस. मस्टँग लावायचीच तर शेव्हरलेच्या कॅमॅरोसमोर लावा, किंवा प्लिमथ बाराकुडासमोर. ती तर मस्टँगच्या दोन आठवडे आधी आली होती, बिचारीला कोणी ओळखत नाही. टीची तुलना त्या काळच्या शेव्हरलेशी करा.

वुडवर्डकर

आयडी बघता आंबा-फणसाचा अधिकार तुमचाच :)

पण मी या दोघींना एकत्र का आणलं ते सांगतो. माझ्या लेखी मस्टँग हे टीच्या मरणावर ३७ वर्षांनी सापडलेलं औषध आहे.

टी बंद पडली ती खराब झाली म्हणून नाही, बदलली नाही म्हणून. १९१४ ते १९२५ फक्त काळा रंग. (त्याआधी हिरवी, लाल, राखाडीही यायची, हे पुष्कळांना माहीत नसतं.) किंमत उतरत उतरत १९२५ला साधी रनअबाउट, म्हणजे दोन जणांची उघडी टी, २६० डॉलरवर आली. स्वस्तात याहून चांगलं काय हवं, असं हेन्रीबाबांना वाटायचं. तिकडे जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) ओकलंड गाडीला १९२३मध्ये ड्युपाँ कंपनीचा ड्युको रंग मिळाला, झटपट वाळणारा आणि हवा तो. त्यांचीच शेव्हरले दर वर्षी तोंड थोडं बदलायची. शिवाय उधारी. जीएमने कर्जासाठी वेगळी कंपनीच काढली होती, १९१९ला. आज गाडी घरी न्या, पैसे हप्त्याने. फोर्डने १९२३ला काय काढलं, तर आठवड्याला पाच डॉलर भरत जा, पुरते झाले की गाडी मिळेल! ही शुद्ध भिशी. शेजारी हप्त्यावर आणलेल्या निळ्या गाडीतून फिरतोय आणि तुम्ही भिशी फुटायची वाट बघताय. कोण थांबणार?

शेवटी १९२७ला टी बंद करून पुढच्या मॉडेल एसाठी कारखाने कित्येक महिने बंद ठेवावे लागले.

मग तीच कंपनी १९६४ला काय करते? सांगाडा एकच, तोही जुना. पण वर पर्यायांची यादी एवढी लांब की दोन शेजाऱ्यांच्या मस्टँग सारख्या निघायला नकोत. सहा सिलिंडर की व्ही-एट, गियर हाताने की ऑटोमॅटिक, छत कापडी की पक्कं, गादी कसली, चाकाची टोपी कुठली. टीमध्ये सगळ्यांना एक गाडी विकली. मस्टँगमध्येही खालून सगळ्यांना एकच विकली, फक्त प्रत्येकाला ती खास आपल्यासाठी केल्यासारखी वाटली. फोर्डमधले तेव्हाचे साहेब ली आयाकोका आणि मंडळींची करामत ती.

टीला हे जमलं असतं का? एक गोष्ट सांगतात की १९१२ला हेन्री युरोपात असताना त्याच्या माणसांनी टीची जरा ठेंगणी, लाल, चकचकीत आवृत्ती करून ठेवली. बाबा परत आले, दोन-तीन फेऱ्या मारल्या, आणि दार हाताने उपटून काढलं. मग दुसरं. काहीही न बोलता.

पत्रेवाला

मी ओहायोत असतो, हौसेने जुन्या गाड्यांचा पत्रा करतो. तात्त्विक चर्चा मोठ्यांनी करावी, मी कामाचं सांगतो.

६५-६६ची मस्टँग घेणार असाल तर बॉनेट उघडू नका. आधी बादलीभर पाणी मागा. काचेखाली, वायपरच्या पुढे जाळी आहे, तिच्यातून हवा आत येते. त्या जाळीखाली पत्र्याचा बंद डबा आहे. त्यात साठ वर्षं पानं, माती, पाणी पडतंय आणि आत हात जायला जागा नाही. पाणी हळूहळू ओता आणि कोणालातरी डॅशबोर्डखाली बॅटरी घेऊन आडवं पडायला सांगा. सतरंजी ओली झाली की समजा, डबा सडलाय. तो बदलायचा म्हणजे पुढचे फेंडर काढून शेदोनशे वेल्ड तोडायचे. तिथे लांबी भरून रंग मारलेल्या गाड्या शेकड्याने आहेत. मला एकाने विकली आहे, नाव घेत नाही.

दुसरं, डिकी उघडून खाली वाकून बघा. डिकीची जमीन म्हणजेच पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा. टाकी वरून भोकात बसवलेली असते. तिच्यात आणि मागच्या सीटमध्ये पोलादी भिंत नाही. ब्रेकलाही तेव्हा एकच सर्किट, ६७पासून दोन झाली. मागे पोरांना बसवताना मी विचार करतो.

टीमध्ये गंज लागतो, पण तो दिसतो. लपायला जागाच नाही तिला.

वुडवर्डकर

पत्रेवाले, तुमचं वाचून खाली जाऊन सतरंजी चाचपून आलो. कोरडी आहे. पण बादली ओतायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू.

घाटमाथा

एक बाळबोध प्रश्न. टी चढावर उलटी न्यायचे असं ऐकलंय. थाप आहे का?

टॉर्कमामा

थाप नाही. टीला पेट्रोलचा पंपच नाही. टाकी पुढच्या सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरकडे उतरतं. टाकी अर्ध्याहून कमी असेल आणि चढ खडा असेल तर कार्बोरेटर टाकीच्या वर जातो, इंजिन उपाशी. गाडी वळवून रिव्हर्समध्ये घेतली की टाकी वर, प्रश्न मिटला. शिवाय रिव्हर्सचा गियर पहिल्यापेक्षा जास्त ओढणारा. ब्रेकचा पट्टा झिजला असेल तर उतारावर रिव्हर्सचं पेडल हलकेच दाबून तोच ब्रेक म्हणून वापरायचे.

पंप पाण्याचाही नाही आणि ऑइलचाही नाही. पाणी गरम झालं की आपोआप वर, गार झालं की खाली. ऑइल फ्लायव्हील उडवतं.

घाटमाथा

म्हणजे खंबाटकी उलटा चढायचा! मागून येणाऱ्या एसटी ड्रायव्हरचा चेहरा डोळ्यासमोर आला.

शिवडी_कॉटनग्रीन

टी आपल्याकडेही होत्या. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांना गाड्या फोर्डच्या कॅनडाच्या कंपनीकडून जायच्या, आपल्यालाही तिथूनच. १९२६मध्ये याच कॅनडावाल्यांनी मुंबईत फोर्ड इंडिया काढली, म्हणजे टीचे दिवस भरत आले तेव्हा. आणि आमच्या शिवडीत १९२८मध्ये जनरल मोटर्सने गाड्या जोडायला सुरुवात केली. दोघांनीही स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत गाशा गुंडाळला.

मस्टँग मात्र आपल्याकडे अधिकृतपणे आली २०१६ला, ६५ लाखांना. ५२ वर्षं उशिरा आणि व्ही-एट. मंजिरीताईंच्या ऑफिसातल्या मुलीला परवडणारी नव्हे.

ठाणेकर_मंजिरी

ऑफिसातल्या मुलीच्या बॉसलाही नव्हे.

लेट_लतीफ

उशिरा आलो. मस्टँगचा एक किस्सा राहिला. अनुक्रमांक एकची मस्टँग विकायची नव्हतीच, ती नुसती दाखवायला म्हणून कॅनडात न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला गेली होती. तिथे एका वैमानिकाला आवडली, डीलरने देऊन टाकली. फोर्डला ती परत हवी होती, हा पठ्ठ्या दोन वर्षं चालवत राहिला. शेवटी दहा लाखावर एक क्रमांकाची नवी कोरी मस्टँग घेतली तेव्हा कुठे पहिली सोडली. आता ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

वुडवर्डकर

हो, आणि दीड कोटीवी टीही त्याच संग्रहालयाकडे आहे. २६ मे १९२७ रोजी हेन्री आणि त्याचा मुलगा एड्सेल ती हायलंड पार्कमधून स्वतः चालवत घेऊन निघाले होते. म्हणजे एकीची शेवटाकडची आणि दुसरीची पहिली, एकाच मालकाकडे.

पाच_डॉलर_पगार

मेहुण्याला उत्तर दिलंत का शेवटी?

वुडवर्डकर

परवा फोनवर दिलं. म्हटलं, टी घेईन. तो म्हणाला, "दाजी, मग मस्टँग मला." कशासाठी विचारत होता ते तेव्हा लक्षात आलं.

घाटमाथा

शेवटची शंका. टाकी सीटखाली, मग पेट्रोल किती उरलंय ते कळायचं कसं? डॅशबोर्डवर काटा?

वुडवर्डकर

काटाबिटा काही नाही. सगळ्यांना उतरवायचं, पुढची गादी उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि लाकडी पट्टी आत बुडवून कुठवर ओली झाली ते बघायचं. तशी एक जुनी पट्टी मला मागे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चार डॉलरला मिळाली, खुणा पुसट झाल्यात पण वाचता येतात. सध्या ती मस्टँगच्या डिकीत पडून आहे. टीचा एवढाच भाग माझ्या मालकीचा झालाय.